प्राण श्वासात की हृदयात?

माणूस आहे की गेला, हे पाहण्यासाठी नाकाशी सूत धरण्याची रीत आपल्या जुन्या घरांतून होती. श्वास म्हणजेच प्राण, ही तिच्यामागची समजूत. वैद्यकातही हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. त्या वादाचे एक प्रकरण निजामाच्या हैदराबादेत घडले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो, तेव्हा आधी काय थांबते? रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या मते श्वास. तो सांभाळला की हृदयाची चिंता नको. निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. प्राण्यांवरील शेकडो प्रयोगांअंती कौल लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मच्या अल्प मात्रेतही हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते. हैदराबादचा कौल एकांगी ठरला.

१९५० च्या दशकात पीटर साफर यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध केली. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन व सहकाऱ्यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. दोन्ही उपाय एकत्र आले, तरी श्वासाचा जुना मोह सुटला नाही. शिकागोच्या एका रुग्णालयातील ६७ रुग्णांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या कालखंडांपैकी सुमारे ६१ टक्क्यांत मिनिटाला २० हून अधिक श्वास दिले जात होते. असे केल्याने छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि छाती दाबण्याचे श्रम वाया जातात.

२०१७ मध्ये अमेरिकी रुग्णालयांतील एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सारख्या स्थितीतील रुग्णांची तुलना करता, पहिल्या १५ मिनिटांत श्वासनलिकेत नळी घातलेल्यांपैकी १६.३ टक्के, तर त्या वेळी ती न घातलेल्यांपैकी १९.४ टक्के वाचले. नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण नळीची घाई हितकारकच असते, असेही म्हणता येत नाही.

प्रौढांसाठी आजचा नियम असा : नळी नसेल तर ३० वेळा छाती दाबून २ श्वास, नळी असेल तर दर ६ सेकंदांना १ श्वास, आणि छाती दाबणे अखंड. बुडालेल्यांना आणि बालकांना श्वासाची गरज विशेष असते, म्हणून तो वर्ज्यही नाही. डिसेंबर १९८४ ची रात्र पाहिलेल्या भोपाळकरांना श्वासाचे मोल सांगावे लागत नाही. मात्र रुग्णाच्या उशाशी हवेची पिशवी भराभर दाबली जाताना पाहून आपल्याला जो धीर येतो, तो नेहमी खरा नसतो, हे या इतिहासावरून ध्यानी घ्यावे.