मुंबई दूरदर्शन ते सह्याद्री : आपल्या घरी उशिरा पोचलेली मराठी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास इथूनच सांगितला जातो. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांपुरता तो इतिहास बराच नंतर सुरू होतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे ‘गजरा’च्या आठवणी काढू लागले की आपल्याकडची त्याच वयाची मंडळी नुसती ऐकत बसतात, त्याचे कारण हेच.

त्या केंद्राच्या एका महिन्यात काय काय असे, हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, हसण्यासाठी ‘गजरा’. चिं. वि. जोशींच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सुहासिनी मुळगांवकर ‘सुंदर माझं घर’ करत आणि साहित्य-कलेसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ही. स्मिता पाटील चित्रपटात नावारूपाला येण्याआधी येथे मराठी बातम्या देत. एकच वाहिनी, तीही दिवसातले मोजके तास. त्यामुळे शेतीचा कार्यक्रम शहरातल्या घरांतही पाहिला जाई आणि नाटकावरची चर्चा ज्याने कधी नाटक पाहिले नाही त्याच्याही कानावर पडे. पुढच्या आठवड्यात काय आहे ते ‘साप्ताहिकी’त कळे, वही-पेन घेऊन बसणारी घरे होती.

यांतला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘ज्ञानदीप’. आकाशानंद यांच्या या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ काढली. एकत्र बसून कार्यक्रम पाहायचा, त्यावर बोलायचे आणि जमल्यास गावात एखादे काम उभे करायचे, असा त्यांचा रिवाज होता. आपल्यासारख्या मंडळांना हे नवे नाही. फक्त तेव्हा तो कार्यक्रम आपल्याला दिसत नव्हता.

दिसत नव्हता, कारण जमिनीवरील मोठ्या प्रक्षेपकाचा पल्ला साधारण ७०-८० किलोमीटर आणि छोट्याचा तर एखाद्या शहरापुरताच. १९८२ पासून दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहामार्फत देशभर जाऊ लागले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत छोट्या शहरांतही प्रक्षेपक उभे राहिले. त्यांवर येई ती दिल्लीची हिंदी. हैदराबादला १९७७ पासून स्वतःचे केंद्र होते, पण त्याचा भर साहजिकच तेलुगूवर; बडोद्यात गुजराती. गोव्याचे बरे, तिथे पणजी केंद्रावर कोकणीबरोबर मराठीलाही जागा मिळाली.

हिंदीतून मिळाले ते काही कमी नव्हते. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका, विद्यापीठ अनुदान आयोगाचे दुपारचे शैक्षणिक कार्यक्रम, पुढे सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचे ‘सुरभि’. जिज्ञासू मुलांची एक पिढी यावर वाढली. पण त्या पिढीच्या घरी स्वयंपाकघरात मराठी आणि पडद्यावर हिंदी अशी वाटणी झाली. विज्ञान, इतिहास, राजकारण यांबद्दल मराठीत बोलताना आपल्याकडची चाळिशी-पन्नाशीची माणसे अडखळतात. शाळा हिंदीतून किंवा इंग्रजीतून झाली हे त्याचे मोठे कारण, पण ही वाटणीही त्यात आलीच.

उपग्रहावरून मराठी वाहिनी १९९४ साली आली आणि २००० मध्ये तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. आता अंतराची अडचण उरली नाही. केबलवाल्याने ती द्यायला मात्र हवी.

आज तोही अडथळा नाही. ‘डीडी फ्री डिश’ला महिन्याचे शुल्क नाही, छत्री आणि सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च येतो आणि देशात कुठेही सह्याद्री दिसते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या मोबाइलवरही पाहता येतात. जुन्या मुलाखती आणि मैफली यूट्यूबवर आहेत. शास्त्रीय संगीत आणि नृत्यासाठी ‘डीडी भारती’ही लावून पाहावी.

सह्याद्रीवरचे सगळेच चांगले असते असे नाही. पुनःप्रक्षेपणे पुष्कळ, काही चर्चा रटाळ. म्हणून सरसकट वाहिनी लावून ठेवण्यापेक्षा महिन्याला चार-पाच कार्यक्रम निवडावेत असे आम्ही सुचवतो : रोजच्या बातम्यांपैकी एखादे बातमीपत्र, एक मुलाखत, एक मैफल, एक शेतीचा कार्यक्रम. शेतीचा मुद्दाम घातला आहे. पेरणी, कोळपणी, मळणी हे शब्द शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना दुसरीकडे कुठे ऐकू येणार? बातम्या आजी-आजोबांबरोबर पाहिल्या तर अडलेला शब्द तिथल्या तिथे विचारता येतो.

छत्री बसवताना एवढे लक्षात ठेवावे : फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे आपल्या सर्व गावांतून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे, दक्षिणेच्या बाजूला कललेले येते. मध्ये झाड किंवा शेजारचा मजला आला तर चित्र मिळत नाही, आणि जोराच्या पावसात ते थोडा वेळ जातेच.