कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा

कर्करोग उपचारांपलीकडे गेला, की 'आता घरी घेऊन जा' असे सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे अशा रुग्णाला मुंबईहून, मिरजेहून किंवा शहरातील रुग्णालयातून गावी आणतात. उपचार थांबतात; शुश्रूषेची गरज मात्र याच वेळी सर्वाधिक असते. रोग हटविण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या या सेवेस उपशामक शुश्रूषा म्हणतात.

तिचा आधुनिक पाया डॉ. सिसिली साँडर्स यांनी घातला. मूळच्या परिचारिका असलेल्या साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे उभे राहिले. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. अशी सोय जवळ नसते, तेथे घरच्यांना शुश्रूषा शिकविणे हेच परिचारिकेचे मुख्य काम ठरते.

वेदनाशमन : वेदना असह्य होण्याची वाट न पाहता औषध घड्याळाप्रमाणे द्यावे. तीव्र वेदनेत डॉक्टर मॉर्फिनची साधी गोळी साधारणतः दर ४ तासांनी देतात. व्यसनाच्या भीतीने मात्रा चुकवू नये. वेदनेसाठी, वैद्यकीय देखरेखीखाली घेतल्यास व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठता मात्र बहुधा होते, म्हणून सोबत रेचक देतात. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सुलभ झाले. ते कोठे मिळेल, हे घरी परतण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

घरची काळजी : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर २ तासांनी बदलावी, टाचा, माकडहाड व खुबे रोज तपासावेत. ओल्या कापसाने तोंड वरचेवर पुसावे. जखमेला दुर्गंधी येत असल्यास लाजून लपवू नये. त्यावर औषध आहे. अखेरच्या दिवसांत अन्नावरची वासना उडणे स्वाभाविक असते. बळेच भरविल्याने ठसका लागतो, शक्ती येत नाही.

कुटुंब : 'त्यांना काही सांगू नका' अशी विनंती नातेवाईक प्रेमापोटी करतात. परंतु रुग्णाला बहुधा सारे उमगलेले असते आणि तो एकटा पडतो. त्याला काय जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे. शेतीची कागदपत्रे, राहून गेलेल्या भेटी, मनातले बोलणे यांसाठी वेळ मिळतो. रात्रीचे जागरण घरातील एकाच स्त्रीवर न टाकता पाळीपाळीने करावे. मृत्यूनंतरही कुटुंबाची विचारपूस करणे, हा या शुश्रूषेचाच भाग आहे.