गोलकीपरच्या ग्लोव्हजची कुळकथा

चेंडू हाताने धरण्याची खास मुभा गोलकीपरला १८७१ च्या नियमांत मिळाली. चौदा वर्षांनी, १८८५ मध्ये, यॉर्कशरमध्ये चेंडू बनवणाऱ्या विल्यम साइक्सने गोलकीपरसाठी चामड्याच्या ग्लोव्हजचं पेटंट घेतलं. पण वापर रुळायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गेली. चेंडू कातड्याचा, पाणी पिऊन जड आणि बुळबुळीत होणारा. पाऊस असला की गोलकीपर लोकरीचे किंवा सुती हातमोजे चढवत, ऊन पडलं की काढून ठेवत. अर्जेंटिनात रिव्हर प्लेटचा अमादेओ कारिझो ग्लोव्हज घालून खेळे, तेव्हा ती नवलाईच होती.

उघड्या हाताने खेळणाऱ्यांची मुख्य अडचण मार लागण्याची नव्हतीच. चेंडू निसटायचा. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडचा गॉर्डन बँक्स च्युइंगम चघळून तळहातांना चोळायचा, पकड यावी म्हणून. ग्लोव्हजच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची गरज मला या एका सवयीत दिसते. हात वाचवणारं कातडं आधीपासून होतं, हवा होता चिकटपणा.

तो मिळवून देण्यात जर्मनांचा वाटा मोठा. बायर्न म्युनिकचा सेप मायर १९७० च्या दशकात भल्यामोठ्या पंजांचे ग्लोव्हज घालून उतरू लागला. मेट्झिंगेनच्या रॉयश या हातमोजे बनवणाऱ्या कंपनीबरोबर त्याने त्यांवर काम केलं. १९७४ मध्ये मायदेशीच पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलमध्ये तोच होता. त्या दशकातल्या ग्लोव्हजचा तळवा बघण्यासारखा असे. सुती कापडावर टेबल टेनिसच्या बॅटीचं दाणेदार रबर कापून शिवलेलं, बोटागणिक एकेक पट्टी. कोरड्यात ते बरं चाले, पावसात दगा देई.

मग आला लेटेक्सचा फोम. रबराच्या चिकापासून केलेला, बोटाने दाबला तर दबणारा, चेंडूला क्षणभर धरून ठेवणारा. दरम्यान चेंडूही बदलत होता. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकातला ‘अझ्टेका’ हा त्या स्पर्धेतला पहिला पूर्णपणे कृत्रिम साहित्याचा चेंडू. असा चेंडू पाणी कमी पितो, पण ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावरून हात सटकतोच. फोमची गरज त्यामुळे संपली नाही. पुढे शिवणीतही प्रयोग झाले. बोटांभोवती फोम गुंडाळणारा ‘रोल फिंगर’ कट आला, शिवण आत घेऊन बोटाला घट्ट बसणारा ‘निगेटिव्ह’ कटही आला.

याउलट टोकाचं उदाहरण पोर्तुगालच्या रिकार्डोचं. २००४ च्या युरो स्पर्धेत लिस्बनला इंग्लंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने ग्लोव्हज काढून टाकले, डॅरियस व्हॅसेलची पेनल्टी उघड्या हातांनी अडवली आणि लगेच स्वतः गोल मारून सामना जिंकून दिला. नियमांना ते चालतं. बूट आणि शिनगार्ड सक्तीचे आहेत, ग्लोव्हज नाहीत.

चिकटपणासाठी फोम मऊ ठेवला, त्यामुळे तो झिजतोही लवकर. नवीन जोडी आणली, की पहिल्या सामन्याआधी कोमट पाण्यात धुऊन घ्या, वरचा कारखान्यातला थर निघून जातो. खेळण्यापूर्वी तळवा किंचित ओला करा, कारण कोरडं लेटेक्स पकड सोडतं. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानांवर उठताना तळवा टेकलात, तर फोमचे तुकडे पडलेच म्हणून समजा. मूठ टेकून उठायची सवय लावा.

सामना झाला की चिखल वाळायच्या आत धुवा. पाणी दाबून काढा, पिळू नका. उन्हात, गच्चीवर किंवा हीटरजवळ वाळवू नका, लेटेक्स कडक होऊन तडकतं. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. ठेवताना तळव्याला तळवा लावू नका, एकमेकांना चिकटून फोम सोलला जातो. आणि सरावाची जोडी वेगळी ठेवा, सामन्याची वेगळी. शाळा-क्लबांच्या प्रशिक्षकांनी पोरांना पहिल्या दिवशीच एवढं शिकवावं. चांगली जोडी महाग असते आणि ती बहुतेकदा आईबापांच्या खिशातून येते.