सरळ रस्त्यावर स्टेरिंग

आमचे अण्णा तेहेतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहणं ही एक शिक्षा असते. नायक-नायिका मोटारीतून फिरायला निघाले की इतरांचं लक्ष नायिकेकडे जातं, अण्णांचं नायकाच्या हातांकडे. "अरे, सरळ रस्त्यावर स्टेरिंग एवढं का हलवतोय? टायरॉड गेलाय काय?" हा प्रश्न त्यांनी चिपळूण ते सातारा या टापूतल्या बहुतेक थिएटरांत मोठ्याने विचारलेला आहे. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो. मग अण्णा त्यालाही समजावून सांगतात, की याच्या हातात गाडी दिली तर ती हेळवाकच्या अलीकडेच ओढ्यात जाईल.

मी बी.कॉम., बँकेत कारकून. मोटारींशी माझा संबंध कर्जाच्या फायलीपुरता. पण संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून अण्णांनी मोटारशर्यतींचे सिनेमे बघायला सुरुवात केली, तेव्हा मी आपोआप वही घेऊन बसलो. पडद्यावर खरं निघेल ते जमा, खोटं निघेल ते नावे. अण्णा गाडी तपासणार, मी हिशोब लिहिणार आणि सौ. चहा करता करता "दोघांनाही कामं नाहीत" असा शेरा मारणार, अशी कामाची वाटणी ठरली.

पहिली नोंद 1932 सालची. हॉवर्ड हॉक्सचा 'द क्राउड रोअर्स', नायक जेम्स कॅग्नी. शर्यतीत खरे इंडियानापोलिसचे ड्रायव्हर आणले होते, ते जमा. पण नायकाचा चेहरा जवळून दाखवायची वेळ आली की मोटार स्टुडिओत. मागे पडदा, पडद्यावर पळता रस्ता आणि पुढे जागच्या जागी उभी मोटार. आता उभ्या मोटारीत बसलेल्या माणसाने करायचं काय? तो स्टेरिंग हलवतो. अण्णांच्या टायरॉडचं मूळ मला तिथे सापडलं.

दुसरी लबाडी कॅमेऱ्याची. सेकंदाला चोवीस चित्रं घ्यायच्या ऐवजी सोळा घ्यायची आणि दाखवताना चोवीसच्या वेगाने दाखवायची. साठच्या वेगाने गेलेली मोटार नव्वदने गेल्यासारखी दिसते. म्हणजे मुद्दल साठ आणि पुस्तकात नव्वद! हे आमच्याकडे एखाद्याने केलं तर त्याला निवृत्तिवेतन सरकारी जागेत बसून घ्यावं लागेल.

ही लबाडी करायची नाही असं ठरवून 1966 साली जॉन फ्रँकनहायमरने 'ग्राँ प्री' काढला. त्या वर्षीच्या खऱ्या शर्यतींत जाऊन चित्रण, मोटारींवर बांधलेले कॅमेरे आणि कॅमेऱ्याची गाडी हाकायला 1961 सालचा जगज्जेता फिल हिल! नायक जेम्स गार्नर स्वतः गाडी चालवत होता. अर्थात नटांना दिलेल्या गाड्या फॉर्म्युला थ्रीच्या, वरून फॉर्म्युला वनचा साज चढवलेला. म्हणजे अंगावरचा शालू भाड्याचा होता, पण नवरी खरोखरच पळत होती. एक मोटार मोनॅकोच्या बंदरात पडते ती मात्र तोफेतून उडवलेली. मी ते नावे टाकायला निघालो होतो, पण चौकशीअंती कळलं की 1955 साली अल्बेर्तो अस्कारी त्याच बंदरात मोटारीसकट खरोखर पडला होता. पोहून वर आला आणि चारच दिवसांनी मोंझाला सराव करताना गेला. नोंद खोडून जमेकडे नेली.

हा सिनेमा अण्णांनी जवळजवळ तीन तास डोळे मिटून पाहिला. मला वाटलं झोपले. म्हटलं, "अण्णा, बंद करू?" म्हणाले, "थांब रे. गिअर ऐकतोय. बरोबर टाकतायत." ऑस्करवाल्यांचंही मत तेच पडलेलं दिसतं, त्याच्या तीन ऑस्करांपैकी दोन आवाजाची होती.

त्यात किरकोळ भूमिकांत खरे ड्रायव्हर वावरतात, हसतात, हात हलवतात. माझ्या सवयीप्रमाणे मी त्यांची नावं लिहून पुढची खाती तपासली. लोरेन्झो बांदिनी, 1967, मोनॅको. ब्रूस मॅक्लॅरेन, 1970, गुडवूड. योखन रिंट, 1970, मोंझा. यो बोनिए, 1972, ल माँ. सगळे गाडीच्या अपघातातच गेले. मी वही मिटली आणि त्या रात्री पुढचा सिनेमा लावला नाही.

मधले काही लवकर आटपतो. पॉल न्यूमनने 1969 साली 'विनिंग'मध्ये काम केलं आणि शर्यतीचा असा नाद लागला, की 1979 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी दुसरी आली. सिनेमा बघून बिघडलेली पोरं गल्लोगल्ली आहेत, सिनेमात काम करून बिघडलेला हा एकच. आपल्याकडे फिरोझ खानने 1972 साली 'अपराध'मध्ये जर्मनीतली शर्यत दाखवली. तो अण्णांनी तेव्हाच पाहिला होता. ते म्हणतात मोटारींसाठी, आई म्हणते मुमताजसाठी. 2001 सालचा 'ड्रिव्हन' मी कॉलेजात असताना मित्रांच्या पैशाने पाहिला. त्यात दोन वीर शर्यतीच्या मोटारी घेऊन रात्री शिकागोच्या भर रस्त्यांतून एकमेकांचा पाठलाग करतात. आमच्या गावात रात्री सायकलला दिवा नसला तरी हवालदार अडवायचा.

'रश' 2013 सालचा. 1976 साली निकी लाउडा न्युर्बर्गरिंगवर होरपळला आणि सहा आठवड्यांत, जखमांवर पट्ट्या बांधून, मोंझाला चौथा आला. त्या वर्षी जेम्स हंट 69 विरुद्ध 68 अशा एका गुणाने जगज्जेता झाला. हे सगळं खरं. पण इतकं खरं असून सिनेमावाल्यांचं समाधान झालं नाही. हंट आणि लाउडा प्रत्यक्षात मित्र होते, त्यांना हाडवैरी केलं. वर हंटकडून एका पत्रकाराला मारही देवविला, जो कोणी कधी दिलेला नाही. ज्याच्या खात्यात एवढी शिल्लक आहे त्याने खोटा चेक का फाडावा?

'फोर्ड व्ही फेरारी'चंही (2019) तेच. 1966 साली ल माँला फोर्डने फेरारीला धूळ चारली हे खरं, पण एन्झो फेरारी त्या दिवशी तिथे नव्हता आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या खास संघाची एकही गाडी धावत नव्हती. सिनेमात मात्र दोन मोटारी शेजारीशेजारी येतात, दोघे एकमेकांकडे रागाने बघतात आणि मग आमचा नायक दात आवळून गिअर टाकतो आणि पुढे जातो. इथे अण्णा खुर्चीतून उठलेच. "मग इतका वेळ कशात चालवत होता? हा गिअर काय दिवाळीसाठी ठेवला होता?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या बँकेत अशी माणसं आहेत, पण ती साहेब आल्यावर तो गिअर टाकतात.

ब्रॅड पिटचा 'एफ वन' 2025 साली थिएटरात जाऊन पाहिला. तिघं होतो, अण्णा, मी आणि आमचे चिरंजीव. खऱ्या शर्यतींच्या मधल्या वेळात चित्रण, फॉर्म्युला टूच्या बदललेल्या गाड्या आणि पिट खरोखर चाकामागे. त्यात नायक मुद्दाम धडका मारून आपल्या जोडीदाराचा फायदा करून देतो. चिरंजीव म्हणाले, "असं कधी असतं का!" मी वही उघडून दाखवलं: 2008, सिंगापूर, रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने जोडीदारासाठी गाडी मुद्दाम भिंतीवर घातली, पुढच्या वर्षी भानगड फुटली. अण्णांची हरकत वेगळीच होती. "साठी उलटलेल्याला गाडी दिली? आम्हाला अठ्ठावन्नला घरी पाठवलं."

'ल माँ' (1971) क्रमाने आधी यायला हवा होता, पण आम्हाला तो मिळाला सगळ्यांत शेवटी. स्टीव्ह मॅक्वीनला 1970 सालच्या खऱ्या शर्यतीत स्वतः उतरायचं होतं, जोडीला जॅकी स्ट्युअर्ट. विमावाल्यांनी नाही म्हटलं. (विमावाल्यांचं मला एकदाच पटलं, ते इथे.) मग कॅमेरे लादलेली एक पोर्शे खऱ्या शर्यतीत सोडली, ती मधूनमधून थांबायची, पेट्रोल घ्यायची आणि फिल्मही बदलायची. नंतर महिनोन्‌महिने त्याच रस्त्यावर, पूर्ण वेगाने, बाकीचं चित्रण. त्यात डेव्हिड पायपर या ड्रायव्हरची गाडी फुटली आणि त्याला उजव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग गमवावा लागला. एवढं करून सिनेमा पडला, कारण त्यात गोष्टच नाही. पहिला अर्धा तास मुख्य पात्रं तोंड उघडत नाहीत. सौ.ने वीस मिनिटं वाट पाहिली, "यात कुणी बोलणार आहे का?" असं विचारलं आणि ती भाजी निवडायला गेली.

अण्णा मात्र एकदाही बोलले नाहीत. टायरॉड नाही, गिअर नाही. पुढे मॅक्वीनची गाडी कठड्यावर आदळते. तो शाबूत असतो, नुसता बसून राहतो. आणि मग तोच अपघात पुन्हा दिसायला लागतो, संथ, तुकड्या-तुकड्याने. काच, पत्रा, चाक.

मी सात वर्षांचा असताना, पावसाळ्यात, कुंभार्ली घाटात अण्णांच्या गाडीपुढे दरड आली होती. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. माणसं वाचली, पेपरात चार ओळी आल्या. घरात अण्णांनी त्याबद्दल आजवर अक्षर काढलेलं नव्हतं, आणि आईने आम्हाला विचारू दिलं नव्हतं.

अण्णांनी रिमोट मागितला. ते दृश्य मागे नेलं, पुन्हा पाहिलं. आणखी एकदा मागे नेलं.

"असंच दिसतं," ते म्हणाले. "तेव्हा नाही. रात्री."

मी विचारलं, "अजून?"

"पाऊस असला की."

मग रिमोट माझ्याकडे देत म्हणाले, "चालव पुढे." मी चालवला. नायक दुसऱ्या गाडीत बसून परत शर्यतीत उतरला. आई केव्हा येऊन दारात उभी राहिली होती कोण जाणे, ती तशीच उभी होती. शेवटच्या फेरीत मॅक्वीनने गिअर बदलला तेव्हा अण्णा पुढे झुकले.

"उशीर केला," म्हणाले.