उंबरठ्याच्या आतली शाळा



शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घंटा, फळा आणि बाकांच्या रांगा उभ्या राहतात. अमेरिकेत मात्र आज लक्षावधी मुले शाळेचे तोंड न पाहता घरी, आईबापांच्या हाताखाली शिकत आहेत. त्या चळवळीच्या वाढीत ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा फार मोठा आहे. हा विषय सोलापूरकरांना परका वाटेल. परंतु श्रद्धा, घर आणि शिक्षण यांचा झगडा महाराष्ट्राने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी अनुभवला आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरातून गेलेला आहे. म्हणून आधी घरचे पाहू, मग बाहेरचे.

अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू राणीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकविलेच. त्यावरून ओरड झाली, तेव्हा उडुपीच्या पंडितांपुढे त्यांनी शास्त्रवचनांनी आपली बाजू मांडली, आणि पुढे गंगामूळच्या रानात संसार थाटला. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. वडील थकले होते, तेव्हा मुलीला शिकविण्याचे काम आईने उचलले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे ती मुलीला उठवी आणि पाठ देई. पुढे यात्रेच्या वाटेवरही ते पाठ चालू राहिले. १८७८ मध्ये याच मुलीला कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिच्याजवळ कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. आईने पहाटे दिलेले पाठ हीच तिची पाठशाळा.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माची सक्ती नसेल असे ठरले होते. बाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे ठेवीत, आणि काही मुली तिथे जाऊन बसत. १८९३ मध्ये यावरून मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

त्या पालकांना नुसते कर्मठ म्हणून आपण मोकळे होऊ नये. मुलाच्या मनावर कोणाच्या श्रद्धेचा ठसा उमटावा, हे ठरविण्याचा अधिकार आपला, अशी त्यांची मागणी होती. बाईंची बाजूही खरी होती. उघड्या दाराने बाई कोणाला बोलावीत नव्हत्या आणि कोणाला अडवीतही नव्हत्या. मात्र ज्या बालविधवेला घरात शिकण्याची सोय नव्हती, तिला त्याच घरी परत नेल्यावर तिच्या शिक्षणाचे काय व्हायचे, याचे उत्तर कोणी दिले नाही.

आता पंढरपूर. १८९५ साली कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सासरच्या संसारास मुकल्या. काही काळ त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. लिहायवाचायला त्यांना घरी टिळकांनीच शिकविले होते. नवऱ्याच्या मागोमाग जाऊन धर्म बदलणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आधी आपल्या मनाशी सोवळेओवळे तपासले, मग जातिभेद सोडला, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले. घरी शिकलेल्या अक्षरांनी त्यांना स्वतःच्या बुद्धीने निवड करण्याचे बळ दिले, हे मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते.

आता अमेरिकेकडे वळू. १९६२ व १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतून शाळेने घडविलेली प्रार्थना आणि बायबल-वाचन बंद केले. पुष्कळ ख्रिस्ती आईबापांना वाटले की शाळेतून देवालाच बाहेर काढले. १९७२ मध्ये आमिश पंथीयांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविण्याचा त्यांचा हक्क धर्मस्वातंत्र्याच्या आधारे मान्य केला. तरी गृहशिक्षणाचे आरंभीचे पुरस्कर्ते सारे धार्मिक होते असे नाही. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक काढले. त्यांचा रोष शाळेच्या कोंडवाड्यावर होता. दुसरीकडे रेमंड व डोरोथी मूर हे श्रद्धाळू दांपत्य लहान मुलांना लवकर शाळेत घालण्याविरुद्ध लिहीत होते. पुढे ख्रिस्ती कुटुंबांची संख्या वाढली, १९८३ मध्ये त्यांच्या वकिलांनी संरक्षणसंस्था उभारली, आणि दहाएक वर्षांत गृहशिक्षण पन्नासही राज्यांत कायदेशीर ठरले. १९९९ मध्ये तेथील सरकारी अंदाजाने अशी साडेआठ लाख मुले होती. २०१६ मध्ये ती सुमारे सतरा लाख झाली.

आपल्याकडे २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आणि पाल्याला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानले. परंतु ते न पाळणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी मुले शिकविणारी थोडी कुटुंबे आज महाराष्ट्रातही आहेत.

श्रोतेहो, दोन्ही इतिहासांतला फरक ध्यानात घ्या. आमच्या घरांत शाळा भरली ती बाहेरची दारे बंद होती म्हणून. तिथे ती भरते ती बाहेरचे वारे नको म्हणून. परंतु एवढ्याने एक घर पवित्र आणि दुसरे दोषी ठरत नाही. आईची माया आणि श्रद्धा दोन्हीकडे सारखीच असेल. कसोटी एकच आहे, आणि ती शाळांनाही लागू आहे: तिथे शिकलेले मूल उद्या स्वतः विचार करून, प्रसंगी गुरूला आणि आईबापालाही नाही म्हणू शकेल काय? पहाटे उठवून पाठ देणाऱ्या लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना आपली लेक कोणत्या वाटेने जाईल हे कोठे ठाऊक होते? ती त्यांच्या धर्मातही राहिली नाही. पण आईविषयीचे तिचे ऋण ती कधी विसरली नाही. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले आपले पुस्तक तिने त्या माऊलीच्या स्मृतीसच अर्पण केले.