मशीहाची मृदुता संशोधनात कशी वाचायची? पंडिता रमाबाईंच्या साक्षीवरून काही धडे

हिंदमाताच्या पुलाखालून कधी गेलात तर दोन गोष्टी एकदमच दिसतात. एकीकडे साड्या आणि ड्रेस मटेरियलची दुकानं, लग्नाच्या खरेदीची झुंबड. दुसरीकडे परळच्या टाटा, केईएम, वाडिया रुग्णालयांत उपचारासाठी बाहेरगावाहून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, फुटपाथवर चटई टाकून बसलेले. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाताना माझा हाच रस्ता. एकदा एक बाई आपल्या आजारी नवऱ्याला वरणभात भरवत होत्या आणि मधूनच शेजारच्या चटईवरच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही घास देत होत्या. हे दृश्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा विषय एकोणिसाव्या शतकातलं मराठी ख्रिस्ती लेखन. ‘दुबळ्या आणि जखमी माणसांशी मशीहा मृदू वागतो’ ही कल्पना त्यात पुन्हा पुन्हा येते. पहिल्या वर्षी मी तिच्यावर वीस पानं लिहून गाईडना दिली. त्यांनी समासात एवढंच लिहिलं, ‘पुरावा कुठे आहे?’ राग आला, पण प्रश्न बरोबर होता. मृदुता हा भाव आहे. भावाचा इतिहास लिहायचा तर तो कुठल्या कृतीत दिसतो ते शोधावं लागतं. ते कसं करायचं, हे एका उदाहरणावरून पाहू.

आधी शब्द बघू. ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त, तेल ओतून नेमलेला. मूळ शब्द हिब्रू. त्याचंच ग्रीक रूप म्हणजे ख्रिस्त. अभिषेक म्हटला की आपल्याला राजा आठवतो, तशी ज्यू लोकांमध्येही राजा येण्याची अपेक्षा होती. पण यशयाच्या ४२व्या अध्यायात देवाचा एक सेवक आहे. तो आरडाओरडा करत नाही. चेपलेला बोरू तो मोडत नाही, विझत आलेली वात मालवत नाही. मत्तयाने १२व्या अध्यायात हे वर्णन येशूला लावलं. मराठी वाचकाला बोरू म्हटलं की लेखणी आठवते. चेपलेल्या बोरूने लिहिता येत नाही, तो फेकायचा आणि दुसरा घ्यायचा, हा व्यवहार झाला. म्हणजे इथे मृदुतेचा अर्थ नुसतं गोड बोलणं असा नाही. जगाने निकामी ठरवलेली गोष्ट फेकून न देणं, असा आहे.

आता उदाहरण. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). दुष्काळाच्या काळात भुकेने आईवडील आणि मोठी बहीण गेलेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या लंडनमधल्या फुलहॅमचा प्रसंग सांगतात. तिथे या भगिनी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी काम करत. त्या आश्रयगृहात पूर्वी राहिलेल्या काही स्त्रिया रमाबाईंना भेटल्या. त्या आता स्वतः आजारी आणि अपंग माणसांची सेवा करत होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करायचं असतं, हेच रमाबाईंना तिथे पहिल्यांदा कळलं. यामागे काय आहे, असं त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय तुम्हीही वाचा, धर्म कुठलाही असो. भर दुपारी विहिरीवर एकटीच आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेले, आता आहे तो नवरा नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. मशीहा येणार, असं ती म्हणते, तेव्हा तो मीच, हे तो तिला सरळ सांगतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते.

क्रम बघा. आधी तो तिच्याकडे काहीतरी मागतो आणि शेवटी निरोप तिच्याच हाती जातो. फुलहॅममध्ये रमाबाईंना दिसलं तेही हेच होतं. जिला सांभाळलं, ती दुसऱ्याला सांभाळू लागली. माझ्या मते रमाबाईंनी मशीहाची मृदुता अशी वाचली: जखमी माणसाला मोडायचं नाही हे अर्धं काम, त्याच्यावर काम सोपवणं हे उरलेलं अर्धं.

आता थांबा. इथे आपली पहिली चूक होते. प्रसंग १८८३चा, लेखन १९०७चं. मधली चोवीस वर्षं कुठे गेली? साक्ष हा एक लेखनप्रकार आहे. पुढे काय झालं ते माहीत असलेला माणूस मागे वळून आयुष्याची ओळ लावतो. म्हणून त्या काळातली पत्रंही शेजारी ठेवायची. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्या त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर हुज्जत घालताना दिसतात. सिद्धांत त्यांना सहजी पटत नव्हता. मग साक्ष खोटी का? नाही. उलट दोन्ही एकत्र वाचल्यावर कळतं की सिद्धांताशी भांडण चालू असतानाही त्या ख्रिस्ताला धरून राहिल्या.

दुसरी कसोटी म्हणजे पुढचं वागणं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ, त्यांनी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. १८९६–९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. केडगावला मुक्ती उभं राहिलं. तिथे ‘पतित’ ठरवलेल्यांसाठी कृपा सदन होतं, अंधांसाठी बार्तिमी सदन. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या बायकांनी केली. चेपलेल्या बोरूनेच लिहिलं, म्हणा ना.

पण इथेच लेख संपवला तर तो इतिहास होणार नाही, आरती होईल. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असं ठरलं होतं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रश्न खरा आहे: जिला जाण्यासाठी दुसरं छप्परच नाही, तिच्यावर दाखवलेल्या मायेचं दडपण येत नसेल का? रमाबाई आवडतात म्हणून हा प्रश्न गाळू नका. मिशनरी म्हणून त्या नावडत असतील तर या एका प्रश्नावर सगळं निकालातही काढू नका.

मग उत्तर कुणाला विचारायचं? जिला सांभाळलं, तिला. सदनाच्या सुरुवातीच्याच विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा होत्या गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. त्यांचं ‘माझे पुराण’ १९४४ साली आलं. मदत घेणाऱ्या बाजूने, तेही धर्म न बदललेल्या बाईने लिहिलेलं. तेही उशिराचं लेखन आहे, त्यालाही तीच कसोटी लावा. पण साक्षीच्या शेजारी ते ठेवल्याशिवाय प्रकरण पूर्ण करू नका.

आणि एक खंत. फुलहॅमच्या त्या स्त्रिया रमाबाईंच्या साक्षीत भेटतात, पण आपल्याला त्यांची नावं कळत नाहीत. दयेच्या इतिहासात दया करणाऱ्याचं नाव राहतं, जखम ज्याची होती त्याचं बहुतेक वेळा जातं. हिंदमाताच्या त्या बाईंचं नाव मीही विचारलं नाही. माझ्या वहीत त्या ‘एक बाई’ आहेत.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये करुणा, सेवा, उद्धार असा एखादा शब्द असेल तर आज एवढं करा. कोऱ्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे देणाऱ्यांची नावं लिहा, उजवीकडे घेणाऱ्यांची. माझा उजवा रकाना पहिल्यांदा रिकामा होता. संशोधन तिथूनच सुरू झालं.