दोन तारांवरचं विमान

हेदवीला बामणघळीत उसळणारं पाणी टिपायला पर्यटक आता ड्रोन घेऊन येतात. मुलं कौतुकानं बघतात, मीही बघतो. पण मी त्या पिढीतला आहे, जिला विमानाची ओढ मनगटात जाणवायची. आमचं विमान दोन बारीक पोलादी तारांनी हाताशी बांधलेलं असे. त्या खेळाचं नाव कंट्रोल लाइन.

सत्तरच्या दशकात मी इथून मुंबईला कॉलेजात गेलो आणि एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये शिरलो. एअर विंगचा जन्मच मुंबईतला. 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई आणि कलकत्ता इथे एकेक स्क्वाड्रन उभं राहिलं. ज्या पोराला खऱ्या विमानात बसायला मिळणार नव्हतं, त्याच्या हाती तिथे निदान या तारांचं हँडल तरी येई.

यंत्रणा साधी, पण काय सुंदर! विमानाच्या पोटात बेलक्रँक नावाची तिकोनी पट्टी. तिच्या दोन टोकांना हँडलकडून आलेल्या तारा, तिसऱ्या टोकापासून शेपटीच्या एलेव्हेटरपर्यंत एक सळई. मनगट वर झुकवलं की नाक वर, खाली झुकवलं की खाली. तारा सैल पडल्या की विमान गेलंच. म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा घालायचा आणि सुकाणू किंचित बाहेर वळवून ठेवायचं. लूप मारायचा तो वारा पाठीशी घेऊन. नजर विमानावरून हटवायची नाही; मागची झाडं बघितली की घेरी आलीच.

ही कल्पना लोकप्रिय केली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी. 1940 च्या सुमारास त्यांचं ‘फायरबॉल’ बाजारात आलं. त्यांनी पेटंटही घेतलं, पण ओरेगॉनमधल्याच ओबा सेंट क्लेअर यांनी आधीच असं विमान उडवलं होतं असं निघालं आणि 1955 मध्ये कोर्टात ते पेटंट टिकलं नाही. मला दोघांबद्दलही सारखाच आदर आहे.

स्पर्धांचे नियम वाचताना मला गणिताचा आनंद मिळे. टीम रेसमध्ये त्रिज्या 15.92 मीटर. का? कारण मग एक फेरी बरोबर 100 मीटरची होते आणि 100 फेऱ्या म्हणजे 10 किलोमीटर. वेगाच्या स्पर्धेत 17.69 मीटर, म्हणजे नऊ फेऱ्यांत एक किलोमीटर. टीम रेसला तीन वैमानिक एकाच वर्तुळाच्या मध्यावर खांद्याला खांदा लावून फिरत. बाहेर मेकॅनिक उतरलेलं विमान धरून तेल भरी, पंख्याला बोटानं झटका देई आणि पुन्हा सोडी. कॉम्बॅटमध्ये शेपटीला क्रेप कागदाची फीत बांधून दुसऱ्याची फीत आपल्या पंख्यानं कापायची. पतंगाची काटाकाटी खेळलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नसे.

इंजिनं कलकत्त्याची ‘ऑरोरा’. परदेशी इंजिन आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळच. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या भागांत मिसळायचं, कॉम्प्रेशनचा स्क्रू पिळायचा आणि पंखा झटकायचा. बोटं सोलवटत. तो जळक्या एरंडेलाचा वास कपड्यांना आठवडाभर राही.

लाकूड बाल्साचं, मूळ दक्षिण अमेरिकेतलं, महाग. सुट्टीत घरी आलो की मी पांगारा तासून बघे. सावंतवाडीची खेळणी पूर्वी त्याचीच व्हायची. हलका, पण बाल्साइतका नाही. आपली काटेसावर तर बाल्साच्याच कुळातली. तिच्या फळीचा पंख ओलसर हवेत वाकडा होई, तरी धड उडे. वर पतंगाचा कागद आणि डोप नावाच्या रोगणाचे हात. ओहोटीला इथली वाळू घट्ट होते, पण तिचा एक कण इंजिनात गेला तर सिलिंडर ओरखडतो. म्हणून उडवायचं सड्यावर, कातळ स्वच्छ झाडून.

नंतर रेडिओ कंट्रोल स्वस्त झालं, विजेच्या मोटारी आल्या, शहरातली मैदानं इमारतींनी खाल्ली. एन.सी.सी.मध्ये एअरोमॉडेलिंग आजही आहे, पण कॉलेज सुटलं की हँडलही सुटतं.

अमेरिकेत या जुन्या विमानांच्या वेगळ्या स्पर्धा होतात. ‘ओल्ड टाइम’ गटात आराखडा 1952 सालापर्यंतचाच असावा लागतो. त्यामुळे जुने नकाशे पुन्हा काढले जातात, कापले जातात, उडवले जातात. माझ्या मते जुनं जपायचा खरा मार्ग हाच. काचेच्या कपाटातलं विमान कुणाला काही शिकवत नाही, आणि बेलक्रँक हातात घेतलेल्या मुलाला तरफ फळ्यावर समजवावी लागत नाही.

म्हणून एअर विंगमधून गेलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना विनंती आहे. माळ्यावर जुनं इंजिन असेल तर भंगारात घालू नका. एरंडेल गोठून ते जाम झालं असेल तर पक्कड लावू नका. केस वाळवायच्या यंत्रानं गरम करा, हळूहळू सुटतं. नकाशे असतील तर त्यांच्या प्रती काढा, आणि जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना नेऊन द्या.